नलिनीच्या नावाने आत कोण शिरलं होतं

आधीच सांगून टाकतो, भूतखेत, करणी, बाहेरची बाधा… यातलं मला काही म्हणजे काही पटत नाही. या सदरातले अनुभव मी नेमाने वाचतो, पण माझं लक्ष भुताकडे नसतं. घरात त्या वेळी आणखी कोण होतं, चावी कुणाकडे होती, कुणाचा काय फायदा झाला — मी ते बघतो. स्वभावच संशयी. भाजीवाल्याने न मागता मूठभर कोथिंबीर जास्त घातली, तर मी पिशवीतली भाजी उलटसुलट करून बघतो. बायकोने माझ्यापुढे कधीच हात टेकलेत. पण नोकरीत हा स्वभाव कामाला आला. बिघडलेलं मशीन दुरुस्त करणाऱ्याने कुणाच्या सांगण्यावर विसंबून चालत नाही.

आता जे सांगतोय ते ऐकीव नाही, माझ्याच बाबतीत घडलंय. आणि ते सांगताना मला जरा चोरट्यासारखं होतं, त्याचं कारण शेवटी कळेल.

सत्तरचं दशक संपत आलं होतं. कॉम्प्युटर पुरवणाऱ्या एका कंपनीत मी सर्व्हिस इंजिनियर होतो. माझं लग्न व्हायचं होतं. गोरेगाव पूर्वेला चाळीत आई आणि मी असे दोघंच. अंधेरी पूर्वेला, मरोळच्या बाजूला औषधांची एक कंपनी होती — नाव सांगत नाही. त्यांनी आमच्याकडून एक मशीन घेतलं होतं आणि त्याची देखभाल करायला मला तिथेच बसवलं होतं. रोज सकाळी आरे कॉलनीतून जाणारी बस पकडायची, गाईम्हशींचे गोठे आणि झाडी बघत मरोळला उतरायचं, की समोर ऑफिस.

आजच्या मुलांना ते मशीन दाखवलं तर कपाट समजतील. एसी लावलेल्या बंद खोलीत ते कपाट, आणि बाहेर हॉलमध्ये तीन टर्मिनल्स. टर्मिनल म्हणजे स्क्रीनबिन काही नाही, मोठा थोरला टाइपरायटरच. आपण टाइप करायचं, मशीनने त्याच कागदावर उत्तर छापायचं. सकाळी आल्यावर आपलं नाव टाइप करायचं, मग पासवर्ड. पासवर्ड तेवढा कागदावर उमटत नसे. तो बरोबर असला की मशीन आत घेई, नाहीतर नाही. एक नाव एका वेळी एकाच टर्मिनलवरून आत जाऊ शके, असा तिथल्या मॅनेजरचा नियम होता, आणि तो नियम मीच मशीनला शिकवला होता.

मॅनेजर म्हणजे दफ्तरी साहेब. कामाला वाघ, पण जीभ तिखट. आणि टर्मिनलवर बसायची नलिनी तांडेल. गोदामातला औषधांचा साठा, आत काय आलं, बाहेर काय गेलं, हे भरायचा अधिकार फक्त तिच्या नावाला होता. नलिनी खारदांड्याची. आई मासळी विकायची, बाप-भाऊ होडीवर. त्या घरातली ऑफिसात खुर्चीवर बसणारी ही पहिलीच. मे महिन्यात तिचं लग्न झालं, अर्धं ऑफिस खारदांड्याला जेवून आलं होतं, मीसुद्धा. नोकरी अजून कायम झाली नव्हती. दिवाळीनंतर कायम करतो, असं दफ्तरींनी सांगितलं होतं.

खंडेनवमीला आम्ही मशीनची पूजा केली. कपाटाला झेंडूचा हार, तिन्ही टर्मिनल्सना हळदकुंकू, वर अक्षता. पूजा झाल्यावर त्या दिवशी हत्यार हलवायचं नसतं, हे सगळ्यांनाच माहीत. पण दफ्तरींना साठ्याची यादी त्याच दिवशी हवी होती. म्हणाले, "देव समजून घेईल, माझा हेड ऑफिसवाला नाही घेणार." मशीन चालवलं. बायका कुजबुजल्या, पण चालवलं.

दसऱ्याची सुट्टी संपून आलो तर नलिनीला मशीन आत घेईना. नाव घेई, पासवर्ड नाकारी.

"परब साहेब, मी बरोबर टाकतेय हो. रोजचाच तर आहे."

मी तिला उठवलं आणि स्वतः सगळी अक्षरं एकामागून एक टाइप करून बघितली. के उमटेना. बटण काढलं तर खाली तांदळाचा दाणा, कुंकवाने लाल झालेला. पूजेची अक्षत. पासवर्ड कागदावर दिसत नाही, त्यामुळे एखादं अक्षर गेलंच नाही तर टाइप करणाऱ्याला पत्ता लागत नाही. मी दाणा चिमट्यात धरून सगळ्यांना दाखवला. त्या दिवशी मला कोण आनंद झाला होता म्हणून सांगू… देवाच्या कोपाची चर्चा तिथल्या तिथे बंद. आणि हो, हिच्या पासवर्डात के आहे, हेही मी मनात टिपून ठेवलं. म्हटलं ना, स्वभाव.

दोन दिवस सुरळीत गेले. मग एका सकाळी नलिनीने मला हाक मारली. या वेळी मशीनची तक्रार वेगळी होती. पासवर्ड चुकला असं ते म्हणतच नव्हतं. ते म्हणत होतं, या नावाचा माणूस आधीच आत आहे.

मी एसीच्या खोलीत गेलो. तिथे मशीनचा स्वतःचा एक टाइपरायटर होता, त्याला आम्ही कन्सोल म्हणायचो. कोण आलं, कोणत्या लाइनवरून आलं, पासवर्ड चुकला की बरोबर निघाला, हे तो छापत राही. त्यावर छापलं होतं — नलिनी, लाइन चार, पासवर्ड बरोबर.

आमच्याकडे टर्मिनल्स तीन, एकेकाला एक लाइन. लाइन चारचं सॉकेट मशीनच्या पाठीमागे रिकामं होतं. त्याला कधी काही जोडलंच नव्हतं.

मी मशीन बंद करून पुन्हा सुरू केलं, नोंद गेली, नलिनी कामाला लागली. दुसऱ्या दिवशी सकाळी मशीन सुरू करतोय तर तीच नोंद पुन्हा. तिसऱ्या दिवशीही तेच.

मला भूत वगैरे सुचलंही नाही. मला सुचली माणसं. कुठेतरी पाणी मुरतंय, कुणीतरी पाठीमागे वायर जोडून उद्योग करतंय, असं मी धरून चाललो. हे दफ्तरींना सांगितलं, आणि तिथेच प्रकरण तापलं. कारण गेल्या दोनतीन महिन्यांत गोदामातला माल आणि मशीनमधला साठा जुळत नव्हता. औषधं कमी भरत होती. आणि नलिनीचा नवरा वाकोल्याला एका केमिस्टच्या दुकानात कामाला होता.

दफ्तरींनी तिला केबिनमध्ये बोलावलं. मी तिथेच होतो.

"पासवर्ड काय ठेवला तू?"

नलिनी खाली बघायला लागली.

"विसरली?"

"नाही, साहेब."

"मग बोल ना."

"मी तोंडाने नाही सांगणार."

"का?"

दफ्तरींनी माझ्याकडे बघितलं, मी त्यांच्याकडे. त्या क्षणी आमच्या दोघांच्या मनात एकच पाल चुकचुकली.

"दिवाळीपर्यंत मला हा प्रकार बंद पाहिजे," दफ्तरी म्हणाले. "नाही झाला तर तू घरी. आणि का घरी बसवली, ते मी कागदावर लिहून देणार. मग बघ कुठे नोकरी मिळते."

बाहेर आल्यावर मी तिला गाठलं. "अगं, साधा पासवर्ड सांगायला काय झालं? उगाच संशय ओढवून घेतेस."

तिचे डोळे भरले होते, पण आवाज फटकळ. "तुम्ही मराठी माणूस ना, परब साहेब? तुमच्या आईने कधी तुमच्या वडिलांचं नाव घेतलंय?"

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. के. काशिनाथ. पोरीने नवऱ्याचं नाव पासवर्ड म्हणून ठेवलं होतं. जे नाव आपल्या तोंडून चुकूनसुद्धा बाहेर पडणार नाही, ते सगळ्यात सुरक्षित, असा तिचा हिशेब. घास भरवताना उखाण्यात घेतलं तेवढंच, त्यानंतर नाही. मी डोक्याला हात लावला. ती घेत नव्हती, पण बाकी सगळं जग ते नाव घेत होतं. लग्नाच्या पत्रिकेवर छापलेलं होतं, मांडवाच्या दारावर थर्मोकोलमध्ये कोरून लावलेलं होतं. ऑफिसातल्या कुणालाही तो पासवर्ड पहिल्याच प्रयत्नात सापडला असता.

"दफ्तरी साहेबांना मी समजावतो," मी म्हटलं.

"समजावून काय? ते म्हणतील, नाटक करते." मग हळूच म्हणाली, "सासरी कळलं की ऑफिसात माझ्यावर चोरीचा आळ आहे, तर मी तोंड कुठे दाखवू? ह्यांची पण नोकरी जाईल. औषधाच्या दुकानात चोरणीच्या नवऱ्याला कोण ठेवेल?"

खरं सांगायचं तर मला तिची दया आली, आणि तरी माझा संशय गेला नाही. रडणारी माणसं खोटं बोलत नाहीत असं थोडंच आहे.

मी मशीनच्या मागे लागलो. लाइन चारच्या सॉकेटवर कागद चिकटवून त्यावर सही केली. सकाळी सही जशीच्या तशी आणि कन्सोलवर नलिनी, लाइन चार. मग मी लाइन चारचं कार्डच मशीनमधून उपसून काढलं. कार्ड म्हणजे तळहाताएवढा इलेक्ट्रॉनिक पट्टा. तो नसेल तर ती लाइन अस्तित्वातच नाही. वर्तमानपत्रात गुंडाळून, पिशवीत घालून मी तो आरेच्या बसमधून घरी आणला आणि कपाटात ठेवला.

आईने विचारलं, "ह्यां काय हाडलंस?" मी सगळं सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. म्हणाली, "मशीनाची पूजा केलास आणि त्याच दिवशी तेका कामाक लावलास? मगे तां गप ऱ्हवात काय? नारळ ठेव तेच्या म्होरे." मी म्हटलं, आई, मशीनला नारळाचं काय कळतंय. ती म्हणाली, "तुका तरी खंय काय कळता?"

सकाळी कार्ड कपाटातच होतं. ऑफिसात मशीन सुरू केलं, आणि कन्सोलने छापलं — नलिनी, लाइन चार, पासवर्ड बरोबर.

पहिल्यांदा मानेवर काटा आला तो तेव्हा. पण भीतीपेक्षा राग जास्त होता. कुणीतरी मला उल्लू बनवतंय, आणि ते कसं हे मला कळत नाही, याचा राग.

मग मी सापळा लावला. संध्याकाळी सगळे गेल्यावर नलिनीचा पासवर्ड मी कन्सोलवरून बदलला. नाव नाही, गाव नाही, कसलाही अर्थ नसलेली अक्षरं मी मनात जुळवली आणि टाइप केली. कुठे लिहिली नाहीत. कन्सोलवरही पासवर्ड उमटत नसे. खोलीत मी एकटा होतो, दफ्तरी बाहेर दारात कुलूप हातात घेऊन उभे, त्यांची पाठ माझ्याकडे. पासवर्ड बदललाय हे मी त्यांनाही सांगितलं नाही. कारण संशयच घ्यायचा तर त्यांना तरी का वगळा? मी मशीन बंद केलं, त्यांनी खोलीला स्वतःचं कुलूप घातलं, चावी त्यांच्या खिशात. माझा विचार सरळ होता. उद्या नोंद झाली नाही, तर पासवर्ड जाणणारा कुणीतरी माणूसच हे करत होता, म्हणजे नलिनी किंवा तिच्या ओळखीतलं कुणी. मग एकेकाला बघायचं.

सकाळी दफ्तरींनी कुलूप काढलं, आम्ही दोघं एकदमच आत शिरलो. नलिनी अजून यायची होती. मी मशीन सुरू केलं. कन्सोल खडखडला.

नलिनी, लाइन चार, पासवर्ड चूक.

माझ्या जिवात जीव आला. सापडला, म्हटलं. जुना पासवर्ड वापरतोय.

कन्सोल थांबला. पुन्हा खडखडला. नलिनी, लाइन चार, पासवर्ड चूक. मग जरा वेळ काहीच नाही. एखादा माणूस बोटं थांबवून आठवतो ना, तितका वेळ. आणि मग —

नलिनी, लाइन चार, पासवर्ड बरोबर.

बाहेरची तिन्ही टर्मिनल्स काचेतून दिसत होती. हॉलमध्ये चिटपाखरू नव्हतं.

"बघ," दफ्तरी म्हणाले. "आली ना? आता मला काही ऐकायचं नाही. आज तिला कागद देतो."

ते केबिनकडे निघालेसुद्धा. मी त्या कागदाकडे बघत उभा होतो. आता जे मला दिसत होतं ते त्यांना दिसत नव्हतं. तो पासवर्ड नलिनीला ठाऊकच नव्हता. तो जगात एकाच माणसाला ठाऊक होता. मी गप्प बसलो असतो तर कुणाला काही कळलं नसतं. नलिनी गेली असती, मी जागचा हललो नसतो. बोललो असतो तर ती सुटणार होती आणि तिच्या जागी मी उभा राहणार होतो. घरी आई होती, माझ्या पगारावर चालणारी खोली होती. मला घाम फुटला, एसीच्या खोलीत.

"साहेब," मी म्हटलं, "काल संध्याकाळी मी तिचा पासवर्ड बदलला होता."

ते वळले. "मग तू तिला सांगितला असणार."

"नाही. तिला नाही, तुम्हाला नाही. कुणालाच नाही."

"लिहून ठेवला होता?"

"नाही."

त्यांनी माझ्याकडे ज्या नजरेने बघितलं ती नजर मी ओळखली. तीच नजर मी गेले काही दिवस नलिनीवर ठेवून होतो.

"म्हणजे परब, आज मशीनमध्ये जो शिरला, त्याला पासवर्ड माहीत होता. आणि माहीत तर फक्त तुला होता."

"हो, साहेब."

"मग मी काय समजू?"

नलिनीला द्यायचा कागद दफ्तरींनी लिहिलाच नाही, आणि पासवर्ड मी बदलला होता हे दुपारपर्यंत ऑफिसभर झालं.

गोदामाची हातमोजणी झाली. माल पुरा निघाला. मागच्या बाजूला एक रास कुणी मोजलीच नव्हती. चोरी झालीच नव्हती. नलिनी दिवाळीनंतर कायम झाली. माझ्यावर लेखी आरोप कुणी ठेवला नाही, पण दफ्तरींनी आमच्या कंपनीला फोन केला आणि कंपनीने मला तिथून उचलून घाटकोपरच्या एका कारखान्यात टाकलं. नंतर बढतीच्या वेळी दोनदा माझं नाव मागे पडलं. कारण विचारलं की साहेब लोक दुसऱ्याच विषयावर बोलायचे.

आणि खरी गोष्ट आता सांगतो. माझ्या जागी जो इंजिनियर गेला त्याला मी महिन्याभराने विचारलं. तो म्हणाला, "लाइन चार? नाही बुवा. मी आल्यापासून एकदाही नाही." मी गेलो आणि ते थांबलं.

त्यानंतरच्या एका रविवारी नलिनी आणि काशिनाथ आमच्या घरी आले. डब्यात तळलेली सुरमई. आई काशिनाथशी गप्पा मारत बसली, नलिनी मला गॅलरीत म्हणाली, "परब साहेब, मी कुणाला बोलणार नाही. ह्यांनासुद्धा सांगितलं नाही."

"काय?"

"तुम्ही ते मुद्दाम केलंत ना, शेवटच्या दिवशी? मला सोडवायला?"

"नलिनी, मी काही केलं नाही. देवाशपथ."

ती हसली. लहान मुलाला हसतात तशी. "बरं," म्हणाली, "नाही केलंत." आणि वाकून माझ्या पाया पडली. वयाने मी तिच्याहून चारपाच वर्षांनीच मोठा असेन. मी तिला थांबवू शकलो नाही, आणि पटवूही शकलो नाही.

नंतर हे मी पुष्कळ जाणत्या लोकांना सांगितलं. एक म्हणाला, मशीनच्या आतली जुनी यादी पुसली जात नसेल. मी विचारलं, मग दोनदा चुकून तिसऱ्यांदा बरोबर कसं? दुसरा म्हणाला, कार्ड काढलं असं तुला वाटलं असेल. कार्ड माझ्या कपाटात होतं, वर्तमानपत्रात. आईने बघितलंय. ती नारळाचं म्हणायची, पण नारळ कुणीच ठेवला नव्हता, आणि तरी ते थांबलं.

तुम्ही वाचताय, तुम्हीही मनात जुळवाजुळव करत असाल. खोली बंद, चावी दुसऱ्याकडे, पासवर्ड एकालाच ठाऊक, मशीन त्याच्याच हाताखालचं, पोरीची त्याला दया आलेली, आणि तो गेल्यावर सगळं बंद. अशी केस दुसऱ्या कुणाची माझ्यासमोर आली असती, तर त्या माणसाला मी एका मिनिटात धरला असता आणि त्याच्या शपथांवर कधीच विश्वास ठेवला नसता. मी ते केलं नाही. पण इतकी वर्षं सगळे पुरावे पुन्हा पुन्हा तपासून बघतो, आणि दर वेळी माणूस एकच निघतो.